रोजचा एक रुपया परत

आमच्या ऑफिसात रोज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी एक रुपया येतो आणि दहा वाजून सात मिनिटांनी काशिनाथभाऊ तो परत पाठवतात. मधली दोन मिनिटं ते चष्मा पुसतात. मी नवीन होते तेव्हा त्यांना विचारलं, हे काय? म्हणाले, "बोहनी हाय ती." बोहनी परत करणारा माणूस मी अख्ख्या भिवंडीत दुसरा पाहिलेला नाही.

आमचं ऑफिस शेलारला, एका गोडाऊनच्या पोटमाळ्यावर. खाली चादरी-टॉवेलांचे गठ्ठे, वर आम्ही सहा जण आणि शेठ आले की चालू होणारा एसी. आम्ही चादरी ऑनलाइन विकतो. गिऱ्हाइकांचे आलेले पैसे आणि परत गेलेले पैसे हे खातं भाऊंचं, कॉम्प्युटरचं काम माझं. भाऊ जवळच्याच अंजूर गावचे. वय विचारलं की "आधार कार्ड बघ" म्हणतात आणि दाखवत मात्र नाहीत.

भाऊंचा तोंडी कशावरच विश्वास नाही. "लिवून दे," हे त्यांचं उत्तर. ड्रायव्हर म्हणाला, पाच मिनिटांत गाडी लावतो, की "लिवून दे." कॅंटीनवाला म्हणाला, उद्या वडे ताजे असतील, की "लिवून दे." एका दिवाळीला शेठ खुशीत येऊन म्हणाले, काशिनाथ, तुझा पगार वाढवायचाय. भाऊंनी कोरा कागद पुढे सरकवला. त्यानंतर बरेच दिवस शेठ भाऊंच्या टेबलाला वळसा घालून जात होते.

स्वतः लिहायचीही त्यांना भारी हौस. कुणाचे पैसे परत करताना आमच्या सिस्टीममध्ये कारण भरावं लागतं आणि ते कारण गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातं. बाकीचे यादीतून 'वस्तू पसंत नाही' निवडून मोकळे होतात. भाऊ लिहितात, 'चादर बरोबर होती, पलंग लहान निघाला.' किंवा, 'रंग फोटोत एक आणि घरात एक, आमची चूक.' एकदा त्यांनी लिहिलं, 'बाईंनी पसंत केली, सासूबाईंनी नाही. चालायचंच.' त्या बाईंनी उलट आणखी तीन चादरी मागवल्या.

तर अशा माणसाकडून मला किल्ली काढायची होती. झालं असं, की शेठना सगळे आकडे एका पडद्यावर बघायचे होते. आमच्या गिऱ्हाइकांचे पैसे एक पेमेंट कंपनी गोळा करते आणि त्याची सगळी नोंद तिच्याकडे राहते. त्या नोंदीची नक्कल दर पंधरा मिनिटांनी आमच्या डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे आकड्यांच्या कोठारात, आणून टाकणारी एक सेवा मी जोडणार होते. त्यासाठी पेमेंट कंपनीच्या खात्यातून एक गुप्त किल्ली लागते, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. खातं भाऊंच्या नावावर आणि ओटीपी भाऊंच्या फोनवर.

"कुठं नेनार तू ह्या सगळा?" भाऊंनी विचारलं.

"डेटा वेअरहाऊसमध्ये."

"कंच्या कंपाउंडात?"

भिवंडीत वेअरहाऊस म्हणजे गोडाऊन आणि ते कुठल्या ना कुठल्या कंपाउंडात असतंच, त्यामुळे हा प्रश्न अगदी रास्त आहे. मी म्हटलं, ते इंटरनेटवर असतं.

"मंग वॉचमन कोन?"

मी समजावलं, की ही किल्ली फक्त वाचायची आहे. तिनं पैसे हलत नाहीत, काही पुसता येत नाही, नुसतं वाचता येतं. भाऊंनी बराच विचार केला. "वाचल. पन बोलल का कुनाला?"

"नाही बोलणार."

"लिवून दे."

मी कंपनीच्या लेटरहेडवर लिहून दिलं, 'डेटा वेअरहाऊस वाचेल, बोलणार नाही,' आणि खाली सही केली. भाऊंनी त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारला आणि कागद फाइलला लावला. मग किल्ली दिली, तीही अर्धी. आमच्या गोडाऊनला दोन कुलुपं आहेत आणि त्यांच्या चाव्या दोन माणसांकडे असतात, म्हणून भाऊंनी ती ओळ हातानं कागदावर उतरवली, कागद मधोमध फाडला, एक तुकडा सकाळी दिला आणि दुसरा जेवणानंतर. तीनदा टाइप करून तीनदा ती चुकीची निघाली. चौथ्यांदा जोडणी लागली, तेव्हा मला शेठपेक्षा भाऊंनाच पेढे द्यावेसे वाटले.

जुन्या सगळ्या नोंदी वेअरहाऊसमध्ये आल्या, पडदा सजला, शेठ बघायला आले आणि त्यांचा चेहरा उतरला. "एवढे परतावे? आपण काय फाटक्या चादरी विकतो?"

मी शोधलं. एकच मोबाइल नंबर, रोजचा एक रुपया, दोन वर्षं, रविवारसुद्धा सुटलेला नाही. कारणाच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी एकच शब्द होता, 'नको.' म्हणजे भाऊंची ती बोहनी. मला वाटलं, हा त्यांचा चाचणीचा नंबर असणार. त्यांना विचारलं असतं, पण मग काहीतरी लिहून द्यावं लागलं असतं. म्हणून मी न विचारताच तो नंबर आमच्या पेमेंटच्या पानावर बंद करून टाकला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी रुपया आला नाही. भाऊंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. साडेदहाला मला विचारलं, नेट हाय ना. अकरा वाजले तरी त्यांच्या चहावर साय तशीच होती आणि एकही परतावा झाला नव्हता.

मी म्हटलं, "भाऊ, एका रुपयाचं काय एवढं?"

"रुपयाचा न्हाय गं. माजा भाव हाय तो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ, दत्तू. अंजूरची जमीन गोडाऊनवाल्याला गेली तेव्हा दत्तू म्हणत होता, बापाचं खळं तेवढं राहू दे. "मी हो बोल्लो व्हतो. तोंडी. आन मंग सही केली." खळं गेलं. दत्तू पडघ्याला गेला, हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलं आणि बोलणं बंद झालं. दोन वर्षांपूर्वी त्यानं मुलीच्या लग्नासाठी आमच्याकडून चादर मागवली. भाऊंनी नाव ओळखलं आणि बिलातला एक रुपया सोडला. दत्तूनंही बिलावरची सही ओळखली आणि दुसऱ्या दिवशी तो रुपया पाठवून दिला. भाऊंनी परत केला. त्यानं पुन्हा पाठवला.

"दोन वर्षं?"

"तो हट्टी हाय," भाऊ म्हणाले, स्वतःचा यात काही संबंध नसल्यासारखं. "आज न्हाय आला. त्याला शुगर हाय."

मला खूप लाज वाटली. मी सांगून टाकलं, की नंबर मीच बंद केलाय आणि आत्ता लगेच चालू करते.

भाऊ रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, "आता चालू करून काय? त्यानं धा येला करून बगितला असल. त्याला वाटल, मीच दार लावला. आता न्हाय पाठवनार तो."

"मग फोन करा त्यांना."

"काय बोलू?" हे विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि लेटरहेड माझ्यापुढे ठेवलं. "तू लिवून दे."

मी लिहिलं, 'नंबर मी बंद केला. काशिनाथ यांनी नाही.' सही केली. भाऊंनी शिक्का मारला, माझ्या स्कूटीवर मागे बसले आणि आम्ही पडघ्याला निघालो. इतक्या वर्षांत भाऊंनी अर्ध्या दिवसाची रजा घेतलेली ही पहिलीच वेळ. हायवेवर ट्रक शेजारून गेला, की ते कागदाची घडी खिशावरून चाचपत होते.

दुकानात भाऊंचाच चेहरा मिश्या लावून बसला होता आणि पाण्याच्या टबात ट्यूब बुडवत होता. आम्हाला बघून हात थांबला. भाऊ पुढे गेले आणि कागद त्याच्यासमोर धरला. दत्तूनं हात पँटला पुसले, कागद घेतला, दोनदा वाचला.

"सही हिची?"

"हिचीच."

"मना वाटला, तूच…"

"न्हाय."

दत्तूनं कागदाची घडी करून खिशात घातली. मग मला विचारलं, "चहा पिनार?" आम्ही तिघांनी चहा प्यायला. साखर भाऊंच्या आणि माझ्याच कपात होती. निघताना दत्तू टायरकडे बघत म्हणाला, "रविवारी जेवाला ये. हिलाबी आन."

भाऊंनी हेल्मेट घातलं आणि म्हणाले, "लिवून दे."

त्या क्षणी मला भाऊंना तिथेच सोडून यावंसं वाटलं.  दत्तूनं ट्यूब परत टबात घातली. आम्ही शेलारला परतलो.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. नंबर चालू केला होताच, शिवाय शेठच्या पडद्यावर हा रुपया मोजला जाऊ नये अशी सोय केली. दहा पाच झाले. भाऊंच्या फोनवर टिंग वाजलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, काहीतरी टाइप केलं आणि चष्मा पुसायला घेतला. दहा वीसलाही ते चष्माच पुसत होते. मी काही विचारलं नाही. बोलणार नाही, असं लिहून दिलं होतं.

एव्हाना नक्कल वेअरहाऊसमध्ये आली होती. मी उघडून वाचली. आमच्या पेमेंटच्या पानावर पैसे भरणाऱ्यासाठी एक निरोपाची जागा आहे. दत्तूनं दोन वर्षांत ती कधी भरली नव्हती. आज तिथं होतं, 'रविवारी जेवाला ये. मासे आनतो.'

खालच्या ओळीत दहा वाजून सात मिनिटांचा परतावा होता, एक रुपया. कारणाच्या रकान्यात भाऊंनी लिहिलं होतं, 'येतो.'