शेवयांवर गूळ मागू नये

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. चौथीपुढे शाळा झाली नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण याच अक्षरातली एक पाटी सोलापुरात आमच्या चाळीखाली दोन वर्षं टांगलेली होती : ‘येथे शेवयांवर गूळ मागू नये.’

पाटी गेनूभावजींच्या खानावळीची. भावजी करमाळ्याकडचे, एकटे. मोठ्या लढाईत मजुरांच्या पलटणीतून गेले, इटलीत आजारी पडून चार महिने राहिले, आणि डोक्यात शेवया घेऊन परत आले. सहा दिवस त्यांच्याकडे भाकरी-पिठलं. रविवारी मात्र इटली. उकडलेल्या शेवया, वर लसूण घातलेला टमाट्याचा रस्सा, आणि मीठ लावून वाळवलेला चक्का किसून. शेवया वळायचं काम माझ्याकडे.

“वैनी, दोऱ्यावानी नगं, सुतळीवानी करा. काय खातुय ते दाताला कळाय पायजे.”

बाजेवर वाळत घातलेल्या त्या शेवया बघून शेजारची यल्लव्वा म्हणाली, “गांडुळं पाळलीस की काय गं?”

शेवया म्हटलं की गिरणीतली माणसं सणाच्या हौसेनं बसायची. तांबडा रस्सा बघून म्हणायची, “भाऊ, दूध इसरलं की!” एकानं तर खिशातून गुळाचा खडा काढला. भावजींनी त्याचं ताटच ओढून घेतलं.

“इटलीत आसं न्हाय!”

“मग तितंच जाऊन जेवतो की!”

ताट पुरतं रिकामं झालं तरच पैसे घ्यायचे, हा भावजींचा नियम. तेव्हा रविवारी पैसे कुणीच दिले नाहीत. सहा दिवसांची कमाई सातव्या दिवशी उष्ट्यात जायची. माझी मजुरी अकरा रुपयांवर तुंबली. आमच्या घरी रोज ऐकवणं चाले, “इटलीच्या बादशहाकडे माग की!” मला मागवेना. आणि दोन वर्षांत मी स्वतः ती शेवई चाखलीही नव्हती.

एका रविवारी मी शेवया द्यायला गेले तर दुपार झाली तरी एकही पाट भरला नव्हता. रोजची माणसंही दुसऱ्या खानावळीत गेली होती. भावजी एक ताट वाढून त्याच्यासमोर बसले होते.

“तितं दवाखान्याशेजारी एका म्हातारीची खानावळ हुती,” ते ताटाकडे बघतच म्हणाले. “मला ह्ये जायाचं न्हाय. थुकायचो. ती म्होरं बसायची, ताट सरेपातुर उठायची न्हाय. एक पैसा घेतला न्हाय तिनं. एक दिस पलटण हालली. मी तिचं नाव बी इचारलं न्हाय, वैनी.”

मग म्हणाले, “एकानं तरी पुरतं खाल्लं आसतं, तर म्हणलो आसतो, फिटलं.”

मी पदर पुढे ओढला आणि उंबऱ्यातच बसून ताट जवळ घेतलं. भावजी समोर बसले. चार घास गेले. पाचवा आंबट, खारट, तोंडातच फिरायला लागला. अर्धं ताट राहिलं. मला फार लाज वाटली.

“ऱ्हाऊ द्या, वैनी,” ते म्हणाले, “मला बी पयल्या दिशी गेलं न्हवतं.” आणि ताट आत नेलं.

महिन्याभरात भांडी मोडीत घालून त्यांनी वाण्याची उधारी भागवली आणि मुंबईला गेले. बोटीवर घेतात का बघतो म्हणाले. तिथून माझ्या नावानं दर महिन्याला एक रुपयाची मनिऑर्डर यायची. घरचे हसायचे, “रुपयामागं दोन आणे पोस्टाला! ह्याची खानावळ चालायची कशी?” मनिऑर्डरीच्या कुपनावर भावजींचा पत्ता नाही, फक्त अंगठा.

दहा रुपये आल्यावर मी सुतळीएवढ्या शेवया वळल्या, तसाच रस्सा केला आणि दार लावून एकटीनं खाल्ल्या. गूळ घेतला नाही. ताट पुरतं रिकामं केलं. समोर कुणी नव्हतं, आणि कळवायचं तर कुठं?

परवा पोस्टमन अकरावा रुपया देऊन गेला. माझे सगळे पैसे फिटले.