पिवळ्या टोप्या आणि चौदावा नियम

माझ्यासारखा शिस्तीचा परदेशी माणूस या गावाला दुसरा मिळायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! नऊ वर्षं झाली इथे राहून. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो मी. आत अडकलेली माणसं बोंबलत असली, तरी मी पायपुसण्याला बूट पुसूनच इमारतीत शिरतो. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबतो. बायको म्हणते, "अहो, ही शिस्त नवीन लग्न झालं तेव्हा कुठे होती?" बायकांना जुनं उकरायची सवयच असते.

आणि माझ्या नऊ वर्षांच्या शिस्तीवर पाणी कोण फिरवतं? पर्यटक! तेही आपलेच! बसमधून उतरतात, अर्धा तास धिंगाणा घालतात, निघून जातात. मागे राहतो कोण? मी! पाववाला मला विचारतो, "काल तुमच्या लोकांनी काचेवर हात का हो पुसले?" माझे लोक? मी काय त्यांना कडेवर घेऊन हिंडतो? वरच्या मजल्यावरच्या आजी तर मी लिफ्टमध्ये शिरलो की पर्स छातीशी धरतात. अहो, ती लिफ्ट मीच दुरुस्त करतो!

तरी हे सगळं गिळलं असतं. पण प्रश्न वाफ्याचा होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला सामाईक बाग आहे. बावीस वाफे, मधोमध एक जुनं फुलांचं झाड आणि एक हिरवी पाण्याची टाकी. वाफ्यासाठी आम्ही सहा वर्षं यादीत होतो. बायकोने चौथ्या मजल्याच्या गॅलरीत सात कुंड्यांमध्ये आपली शेतीची हौस कोंबून ठेवली होती. "मला एकदा जमिनीत हात घालायचाय हो," असं ती सारखी म्हणायची. अखेर सतरा नंबरच्या म्हातारबांचे गुडघे गेले आणि तो वाफा आम्हाला महिनाभराच्या बोलीवर मिळाला. महिना नीट गेला, तर कायमचा. शनिवारी चार वाजता बागेच्या अध्यक्षबाई आमच्याकडे चहाला येऊन निर्णय देणार होत्या.

या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बागेचे सतरा नियम त्यांनी स्वतः लिहिलेले. मला सगळे तोंडपाठ! त्यातला चौदावा माझा लाडका: 'झाडावर चढू नये, झाड हलवू नये.' अकरा वर्षांपूर्वी कुणा पर्यटकाने फोटोसाठी चढून झाडाची मुख्य फांदी मोडली, तेव्हापासूनचा नियम. तो खुंट बघितला की मी त्या गाढवाला न चुकता चार शिव्या हासडायचो. अध्यक्षबाईंना ते फार आवडायचं.

त्याच शनिवारी अकरा वाजता बस आली. चाळीस पिवळ्या टोप्या उतरल्या आणि फाटक ढकलून थेट आत! एकीने घेवड्याच्या काठीला पर्स अडकवली. दोघं कांद्याच्या वाफ्यात ऐसपैस बसले. एक ताई झाड गदागदा हलवत होत्या, "फुलं पडू देत गं, व्हिडिओत छान दिसतात!" आणि एक पोटसुटे गृहस्थ चक्क फांदीवर चढले!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुरपं टाकून मी धावलो आणि शुद्ध मराठीत ओरडलो, "अहो, लाज वाटते का? उतरा खाली!"

एकच कल्ला झाला, "अय्या! आपले निघाले! काका, तुम्ही इथलेच का?"

"काका गेला खड्ड्यात! आधी बाहेर व्हा! सगळे एका ओळीत या! चला, एका ओळीत!"

"चला गं, काका फोटो काढतायत! उंच माणसं मागे!"

बघता बघता चाळीस माणसं झाडापुढे तीन रांगांत उभी! कुणीतरी माझ्या हातात फोन कोंबला, कुणी डोक्यावर टोपी घातली. मी संतापाने दोन्ही हात उडवत किंचाळलो, "मागे! मागे सरका म्हणतो ना!" तर तेवढं बरोबर ऐकलं. सगळे मागे सरकले, टोमॅटोच्या वाफ्यात.

आणि फाटकात अध्यक्षबाई.

त्यांनी माझी टोपी बघितली, हातातला फोन बघितला, फांदीवरचे गृहस्थ बघितले.

"तुमची मंडळी?"

"नाही हो! मी यांना हाकलतोय!"

"काका, स्माइल म्हणा ना!" मागून कोरस आला.

"चार वाजता बोलू," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि वळल्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती आपल्या सात कुंड्या बघत बसून राहिली. त्या टोप्यांचा मला इतका राग आला होता की त्यांच्या बसचा पाठलाग करावा!

चारला बाई आल्या. चहा झाला आणि मी तोंड सोडलं. "बाई, त्यांच्या टोपीच्या मापाने आम्हाला मोजू नका! ते येतात नि जातात, आम्ही इथे राहतो. ते घाण करतात आणि मान आमची खाली जाते. आमच्याइतका त्यांचा राग तुम्हालाही यायचा नाही! अकरा वर्षांपूर्वीचं ते फांदीमोडं गाढव मला भेटलं ना, तर मी त्याला त्याच खुंटाला बांधीन!" बोलता बोलता माझा आवाज चिरकला. बायकोने डोळ्याला पदर लावला.

अध्यक्षबाई हेलावल्या. अगदी हळूच म्हणाल्या, "माझं चुकलं. सगळ्यांना एका मापाने मोजलं मी." कागद काढला. सही करायला चष्मा हवा होता, तो घराच्या दाराशी, बोळात टांगलेल्या कोटाच्या खिशात राहिला होता. त्या बोळात गेल्या.

गेल्या त्या गेल्याच. आम्ही जाऊन पाहिलं. चष्मा लावून त्या भिंतीवरचा आमचा फोटो बघत होत्या. नवीन लग्न झाल्यावर आम्ही सात दिवसांत इकडच्या नऊ गावांची बसची सहल केली होती, तेव्हाचा फोटो. एका फुललेल्या झाडाच्या फांदीवर मी, झुलतोय. खाली बायको हात हलवून काहीतरी सांगतेय. मागे लाल टाकी.

"ती टाकी," अध्यक्षबाई म्हणाल्या, "फांदी मोडली त्या वर्षीपर्यंत लाल होती."

बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "मी तेव्हाच ओरडत होते, उतरा खाली म्हणून!"

आता खरं सांगतो. नऊ गावांत कुठलं झाड कुठलं, कोण लक्षात ठेवतो? उतरताना काहीतरी कडकन वाजलं होतं, नाही असं नाही. पण बसवाला हॉर्न देत होता हो!

वाफा मिळाला. कायमचा. बायकोच्या नावावर, "कारण त्या खाली उभ्या होत्या." मला रविवारी दोन तास आत सोडतात, गळ्यात 'पाहुणा' अशी पिवळी पाटी घालून, आणि झाडापासून दहा पावलं लांब.

गेल्या रविवारी पुन्हा बस आली. मी कुंपणाला टेकून बायकोची घेवड्याशी चाललेली गडबड बघत होतो. एक टोपी जवळ आली, माझी पाटी निरखली आणि आपुलकीने म्हणाली, "काका, तुम्ही कुठल्या बसचे?"