घारीच्या टेकडीच्या तीन डब्या

"अल्लाहनं या शतकात दोनच तीक्ष्ण नजरा घडवल्या," उस्ताज वस्फी चहात चौथा चमचा साखर ढवळत म्हणाले. "एक ससाण्याला दिली. ससाण्याला लिहिता-वाचता येत नाही, हे त्याचं दुर्दैव."

दुसरी नजर कुणाला मिळाली हे विचारायची गरज नव्हती. मात्र ती नजर ज्या पेल्यात साखर ढवळत होती तो पेला बखीतचा होता, आणि बखीत बिनसाखरेचा चहा पितो हे तिला अकरा वर्षांत दिसलेलं नव्हतं.

बखीत हा वस्फींच्या बायकोचा भाऊ. नजा तवाहीन या गावात रिक्षा चालवायचा आणि कुणी न विचारता वस्फींचा सहायक झालेला. घरात त्यानं त्यांना दाजी म्हणावं आणि तपासात उस्ताज, म्हणजे गुरुजी, असा वस्फींचा दंडक होता. वस्फींनी साखर कारखान्यात तीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या. निवृत्त झाल्यावर ते माणसं तोलायला लागले. दारावर पाटी लावली: 'वस्फी अब्दुल-मौजूद, रहस्यभेदक. शुक्रवारी बंद.' पहिलंच प्रकरण मशिदीतून गेलेल्या सपातांचं. वस्फींनी न्हाव्याला दोषी ठरवलं. सपाता दुसऱ्या दिवशी इमामसाहेबांच्याच पायात निघाल्या. न्हावी अजून वस्फींची दाढी एकाच बाजूची करतो.

सोमवारी सकाळी उत्खननाच्या कचेरीतून, तिथल्या नोंदी सांभाळणाऱ्या उस्ताजा रबाबचा निरोप आला, तेव्हा वस्फी अशी अर्धी दाढी घेऊनच रिक्षात बसले.

प्रकरण घारीच्या टेकडीचं होतं. ती टेकडी आता नाही, तिच्यावरून डांबरी रस्ता गेलाय. रस्ता येण्यापूर्वी आठ हिवाळे तिथे खोदकाम चाललं होतं. खोदकामाचं एक वाईट असतं, जे बघायचं ते उकरूनच बघावं लागतं आणि उकरलं की ते संपतं. भिंती गेल्या, चुली गेल्या. मागे राहिले चौदा हजार फोटो, मोजमापांचे नकाशे आणि प्रत्येक खापराचा नंबर. हे सगळं रबाबनं नऊ वर्षं खपून संगणकात भरलं. तिनं लग्नाची दोन स्थळं त्यापायी परत पाठवली होती, असं गाव म्हणायचं. ती म्हणायची तीन.

तो संगणक पुढे जळाला, पण त्याआधी तिनं त्या सगळ्याच्या तीन प्रती केल्या होत्या, तीन सारख्या काळ्या डब्यांत. हार्ड डिस्क हा शब्द गावात कुणी वापरत नसे. एक डबी तिच्या कपाटात, दुसरी मुकादम रईस दर्दीरांकडे, तिसरी बखीतकडे, कारण आठही हिवाळे खापरांच्या टोपल्या त्याच्याच रिक्षातून आल्या होत्या. तीन डब्या, तीन छपरं. 'ही डबी माझ्या छपराखालून हलणार नाही,' असं तिनं दोघांकडून भाकरीवर हात ठेवून वदवून घेतलं होतं. त्याआधी स्वतःही म्हटलं होतं.

आणि आता पत्र आलं होतं. कैरोहून तपासनीस शुक्रल्ला बुधवारीच येणार. नोंदी दाखवल्या तर टेकडी कायमची दप्तरी लागेल. नाही दाखवल्या तर 'पुरावा उपलब्ध नाही' असा शेरा मारून तिचा नंबर रद्द होईल, म्हणजे टेकडी कधी नव्हतीच.

"रईस, तुमची डबी?" सगळे कचेरीत जमल्यावर रबाबनं विचारलं.

रईस दर्दीरांनी डोक्यावरचा पागोट्याचा वेढा सारखा केला. त्यांच्या घरात पाच पिढ्या खोदकामातल्या. जमिनीखाली चार हातांवर काय आहे ते सांगणारा माणूस, पण आता त्यांना पायाखालची फरशीही दिसेना. "पेटीत नाहीये," ते म्हणाले.

"बखीत?"

"घरात नाहीये, उस्ताजा."

रबाबनं कपाट उघडलं आणि परत लावलं. "इथेही नाही," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

तिघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. चोरी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो वस्फींनी. "तिहेरी चोरी," ते म्हणाले. "चोर एकच आणि त्याला तीन हात आहेत. लिहून घे, बखीत."

बखीतनं लिहून घेतलं. त्याची डबी चोरीला गेलीच नव्हती. मागच्या उन्हाळ्यात पोरांनी ती लंगडीच्या खेळात ठिकरी म्हणून वापरताना त्याला दिसली, आणि गावात कुणीही जे करतं ते त्यानं केलं. डबी हज करून आलेल्या म्हाताऱ्या हज्जा तफीदाकडे ठेवायला दिली. हज्जाच्या मातीच्या कणगीत, गव्हाच्या पोटात, अर्ध्या गावाची अमानत असते. साखरपुड्याचं सोनं, जमिनीचे कागद, एकाची तर कवळी. कुणी काय ठेवलं ते हज्जा दुसऱ्याला मेली तरी सांगत नाही. पण हज्जा लेकीच्या बाळंतपणाला अस्वानला गेली होती, घराला कुलूप होतं, आणि ती कधी येणार ते कुणाला ठाऊक नव्हतं.

भाकरीवर हात ठेवून दिलेला शब्द आपण मोडला, हे रबाबसमोर कोणत्या तोंडानं सांगायचं? उरलेल्या दोन खरोखर चोरीला गेल्यात म्हणजे जगात आता आपलीच एक डबी शिल्लक, या विचारानं तर तो हज्जाच्या दाराचं कुलूप दोनदा ओढून बघून आला. बुधवारपर्यंत हज्जा येईल, असं त्यानं मनाला समजावलं.

मंगळवारी तपास सुरू झाला. वस्फींचा पहिला संशय गुप्तधनवाल्यांवर. त्यासाठी ते शेख मन्सीकडे गेले. हा मन्सी धूप जाळून लोकांना चुलीखालचं सोनं दाखवायचा.

"टेकडीचे नकाशे तुला हवे होते, कबूल कर," वस्फी म्हणाले.

"नकाशे कशाला? मला जिन सांगतो."

"काय सांगितलं जिननं?"

"माझ्याच स्वयंपाकघरात खण म्हणाला. चार मीटर खणलंय. बायको आता अंगणात स्वयंपाक करते आणि माझ्याशी बोलत नाही."

वस्फींनी पुरावा तपासायला खड्ड्यात वाकून पाहिलं. उरलेला पुरावा त्यांनी खालून तपासला. त्यांना वर काढायला बखीत, शेख आणि शेखची न बोलणारी बायको असे तिघं लागले.

दुसरा संशय भटारणीच्या शेळीवर. तिन्ही घरांच्या गल्ल्यांत तिला पाहिल्याचे साक्षीदार होते. वस्फींनी तिला कारखान्याच्या काट्यावर नेलं. उसाच्या गाडीसाठी बांधलेल्या काट्यावर शेळी एकटी उभी राहिली आणि सगळ्यांकडे बघत बसली.

"महिन्यात नऊशे ग्रॅम वाढली," वस्फी समाधानानं म्हणाले. "तीन डब्यांचे साडेसातशे."

"आणि वरचे दीडशे?" बखीतनं विचारलं.

"वायरी."

"गाभण आहे ती," भटारीण म्हणाली. "आणि तुमच्या नजरेनं तिचं दूध आटलं तर मी तुमच्या दारात आणून बांधीन."

संध्याकाळी वस्फींनी रईस दर्दीरांची उलटतपासणी घेतली. रईस प्रत्येक प्रश्नाला मान हलवत आणि मधेच विचारत, "हज्जा तफीदा कधी येतेय, काही कळलं का?" रबाबनंही तेच विचारलं, दोनदा. वस्फींनी वहीत लिहिलं: 'गावाला हज्जाचा फार लळा. तपासाशी संबंध नाही.' बखीतलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तो स्वतः दिवसभर तेच विचारत होता.

बुधवारी दुपारी शुक्रल्लासाहेब आगगाडीतून उतरले. मिशीत भाकरीचा चुरा, मांडीवर बदकाची दोन पिसं. कचेरीत रबाबनं त्यांच्यासमोर कागद ठेवला. 'पुरावा उपलब्ध नाही' एवढंच त्यावर लिहायचं बाकी होतं. तिचे डोळे सुजले होते.

"थांबा," वस्फी म्हणाले. "गुन्हेगार या खोलीत आहे. तिन्ही डब्या कुठे आहेत हे कुणाला माहीत होतं? ज्यानं वाटल्या त्याला. शपथ कुणी घ्यायला लावली? संशय दुसऱ्यांवर जावा म्हणून? उस्ताजा रबाब, तुम्ही स्वतःची नऊ वर्षं स्वतःच चोरलीत."

रबाबनं लेखणी उचलली. नऊ वर्षं ही बाई प्रत्येक खापर दोन्ही हातांनी उचलताना बखीतनं पाहिली होती. त्याला ते सहन झालं नाही.

"दाजी, पुरे," तो म्हणाला. "माझी डबी चोरीला गेली नाहीये. मीच हज्जा तफीदाकडे ठेवलीये. उस्ताजा, शब्द मोडला मी. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्यावर सही करू नका."

रईस दर्दीर खोकले. ते बराच वेळ खोकत राहिले.

"माझीपण तिथेच आहे," ते शेवटी म्हणाले. "सुनेनं पेटी माहेरी नेली. मग मी कुठे ठेवणार?"

दोघांनी रबाबकडे पाहिलं. ती कानापर्यंत लाल झाली होती.

"या कपाटाला वाळवी लागली," ती म्हणाली. "आणि तुम्हा दोघांवर माझा विश्वास नव्हता."

"चोर एकच आहे, हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," वस्फी म्हणाले.

"पण हज्जा अस्वानला," बखीत म्हणाला.

शुक्रल्लासाहेबांनी मिशी झटकली. "हनुवटीवर गोंदण आहे का तिच्या? बरोबर दोन बदकं? अहो, मी अस्वानचं काम उरकूनच इकडे आलो, ती माझ्यासमोरच्याच बाकावर होती. उन्हात फुगवलेली भाकरी मला अख्ख्या वाटेत खाऊ घातली. नको म्हटलं की रागवायची. मागच्या दारानं उतरली ती."

सगळे हज्जाच्या अंगणात गेले. हज्जा बदकांना पाणी ठेवत होती.

"हज्जा, आमच्या डब्या," रबाब म्हणाली.

"कसल्या डब्या? माझ्याकडे कुणाचं काही नाही."

"अगं, तिघांनाही माहीत आहे आता."

"तुम्हाला माहीत असेल. मला नाही. ज्याचं काम असेल त्यानं एकटं आत यावं. बाकीच्यांनी तोंडं भिंतीकडे करा."

मग एकेक जण आत गेला आणि अंगरख्याखाली काहीतरी धरून बाहेर आला. कैरोचा तपासनीसही भिंतीकडे तोंड करून उभा होता. वस्फी भिंतीची तपासणी करत होते.

तिन्ही डब्या चालल्या. रबाबनं त्यांच्यावरचा कोंडा फुंकला आणि टेकडी नव्या संगणकाच्या पडद्यावर आली. उत्तरेचा उतार, भिंतीचा पाया, भाकरीची चूल. फोटोत माणूस येऊ नये म्हणून मजुरांना नेहमी बाजूला करत. पण भिंतीच्या कडेला कुदळ धरलेली एक लांब सावली राहून गेली होती.

"माझा बाप," रईस दर्दीर म्हणाले. "बाजूला सरकला, पण ऊन कलतं होतं." त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. रबाबही रडली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिच्या फोटोत काहीतरी शोधून काढलं होतं.

"त्या सावलीला चौकशीला बोलवावं लागेल," वस्फी म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शुक्रल्लासाहेबांनी सही-शिक्का केला आणि एक डबी आपल्या पिशवीत घातली. टेकडी दप्तरी लागली. "कणगीत इतकी कोरडी कशी राहिली?" ते पुटपुटले. "आमच्याकडे दर उन्हाळ्यात दोन तरी बिघडतात."

रबाबनं एका कोऱ्या डबीत तिसरी प्रत पुन्हा भरून घेतली आणि डब्या वाटल्या. "नियम तोच," ती कडक आवाजात म्हणाली. "तीन डब्या, तीन छपरं." रईस आणि बखीत यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

परतीच्या गाडीला तासभर होता. स्टेशनच्या वाटेवर शुक्रल्लासाहेबांनी बखीतच्या खांद्यावर हात ठेवला. "रिक्षा हज्जाच्या घरावरून घे जरा. भाकरीचे आभार मानायचे राहिले."

बखीतला ते बरंच वाटलं, त्यालाही तिकडेच जायचं होतं. हज्जाच्या दारात रईस दर्दीर आधीच उभे होते, अंगरख्याच्या पोटावर हात धरून. चार पावलांवर रबाब खजुराच्या झाडाकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होती. बखीतनं रिक्षा बंद केली आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

शुक्रल्लासाहेब पिशवी छातीशी धरून रांगेच्या पुढे आले.

"माझी गाडी आहे," ते म्हणाले. "मला आधी जाऊ द्या."