हिरव्या दिव्याचा चिमटा

चिकपेटेतून ब्लाऊजचं अस्तर घेऊन आम्ही दोघं चालत घरी येत होतो. चामराजपेटेच्या सिग्नलला माझी बायको थांबली आणि नेहमीसारखा तिनं खांबाला हात लावला. उलटा हात. लगेच मागं घेतला.

"अहो, हा चिमटा घेतोय."

मी लावून बघितला. काही नाही. "पंधरा दिवसांमागं मीच तपासलाय," म्हटलं. "माझं मिशीन खोटं आणि तुझा हात खरा?"

"स्वल्प थांबून परत बघा की."

"उद्या बघू." आणि तिला ओढत घरी आणलं.

मी सिग्नलच्या कामावरचा वायरमन. शाळा चौथीपर्यंत. दर तीन महिन्यांनी सिग्नलचा करंट बंद करायचा, तारा सोडवायच्या, मेगर मिशीन लावून दांडा फिरवायचा, मग रस्त्यातल्या तारांच्या डब्यावर तपासल्याची सही करायची. तारेतला करंट खांबात गळायला लागला तर काटा खाली पडतो. लग्न नवं असताना मी शहाणपणा करून तिला सांगितलं होतं, करंटचा संशय आला तर तळवा लावू नये, करंटनं मूठ आवळते आणि सुटत नाही. लावलाच तर हात उलटा लावावा. न लावणंच बरं, हे सांगायचं राहिलं.

मग काय! बाजाराला जाताना चार सिग्नल, येताना तेच चार. लोकांना वाटायचं नमस्कार करते. एकदा एक म्हातारी हिच्या मागोमाग खांबाच्या पाया पडली. भाचीच्या लग्नात मांडवाचे लोखंडी खांब झाले, आइस्क्रीमचं मिशीन झालं, मग माईकवर भाषण ठोकणाऱ्या व्याह्यांच्या दंडाला हात लावून आली. ते म्हणाले, "काय अक्का, आम्ही पास का?"

"करंट नाही," ही म्हणाली, "आवाज तेवढा गळतोय."

माझा जोडीदार मुनियप्पा तिला इन्स्पेक्टर अक्का म्हणायचा. मला लाज वाटायची. "एक दिवस चिकटून मरशील," मी ओरडायचो.

"तुमचं मिशीन तीन महिन्यांनी येतं. मी रोज येते."

त्या दिवशी घरी येऊन जेवली, भांडी घासली, चटईवर आडवी झाली. चहाच्या वेळेला हाक मारली, उठली नाही. हार्ट, डॉक्टर म्हणाला. करंटमुळं नाही ना, असं मी त्याला दोनदा विचारलं. नाही म्हणाला. संध्याकाळी सगळं उरकलं.

सकाळी मी मिशीन उचललं. बहीण दारात आडवी आली. "सुतकात कामावर?"

"खांबाला सुतक नसतं," म्हटलं.

सिग्नलला मुनियप्पा आला. "अण्णा, घरी जा. मी बघतो."

"दांडा फिरव."

लाल दिव्याची तार चांगली. पिवळ्याची चांगली. हिरव्याला काटा शून्यावर पडला. तार खांबाच्या आत घासून सोलली होती, जमिनीत जाणारी अर्थिंगची तार गंजून तुटलेली. हिरवा लागेल तेवढाच वेळ चिमटा. मी हात लावला तोवर लाल लागला असणार. आणि पंधरा दिवसांमागं मी रस्त्यातल्या डब्यापर्यंतच तपासलं होतं. खांबातल्या तारा सोडवल्याच नव्हत्या. कंटाळा. दुसरं कारण नाही.

खांबाशेजारी फुलं विकणारी गौरम्मा उठून आली. "आज अक्का कुठं?"

सांगितलं. ती टोपलीशी मटकन बसली. मग म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं, अक्का, गावाची एवढी कसली काळजी? तर म्हणाली, गावाचं गाव बघून घेईल. पण डब्यावर आमच्या ह्यांची सही असते. कुणाला काही झालं तर तो माणूस परत झोपायचा नाही."

मी परत खांबाकडं वळलो. तार बदलली, अर्थिंग जोडलं. मिशीन लावलं, काटा जागेवर राहिला.

मुनियप्पानं रजिस्टर पुढं केलं. त्यात एक रकाना असतो, दोष कोणी दाखवला. तिथं आम्ही रेघ मारतो. माझं अक्षर वाईट, म्हणून तिचं नाव सावकाश लिहिलं: अंबूबाई.

"साहेब विचारतील, ही कोण?"

"विचारू दे."

तसे अर्धवट तपासलेले आणखी पाच खांब होते. मुनियप्पाला म्हटलं, शिडी उचल.