देव तुमचा, खोका माझा

बेनूकाका गणपतीचा खोका बांधून झाला की तो उचलून ओट्यावरून खाली टाकायचे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळलेच. आत शाडूची मूर्ती, दीड वीत उंच, डोळे नुकतेच रंगवलेले. आणि हा साठी उलटलेला माणूस तो खोका छातीपर्यंत उचलतो काय आणि अंगणात सोडून देतो काय! धप्प! माझे मामा, म्हणजे गणपतीच्या कारखान्याचे मालक, दाराआड डोळे मिटून उभे. काका सावकाश पायऱ्या उतरले, डॉक्टर छातीला नळी लावतात तसा त्यांनी खोक्याला कान लावला, आणि म्हणाले, "बोलला नाय. पाठवा."

खोका बोलला नाही पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. आतून जराशी खुळखुळ जरी ऐकू आली तरी खोका बोलला. मग सगळी सुतळी सोडायची, पेंढा काढायचा आणि पहिल्यापासून बांधायचं. "बोलणारा खोका वाटेत भांडणं काढतो," असं ते म्हणत.

मी निडी गावची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे असं काही लिहायला बसले की अजून हात जरा अडखळतो. पण बेनूकाकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि दुसरं कुणी लिहिताना दिसत नाही. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी रोज गाडीने पेणच्या कॉलेजात यायचे आणि कॉलेज सुटलं की मामांच्या कारखान्यात गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं लिहायचे. त्या पत्रांतली निम्मी तरी बेनूकाकांच्या खोक्यांबद्दल असायची.

काकांचं खरं नाव बिन्यामिन. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांची बहुतेक माणसं इस्रायलला निघून गेली होती. जाताना प्रत्येकाचं सामान काकांनीच बांधून दिलं होतं. काचेची एक बशीसुद्धा फुटली नाही, हे ते अभिमानाने सांगत. आळीत आता त्यांचं एकट्याचं घर उरलं होतं. त्यांच्या धर्मात मूर्तिपूजा नाही. कुणीतरी खोचकपणे विचारायचंच, "काय काका, देव मानत नाय नि देव बांधताय?"

काका सुतळीला गाठ मारता मारता म्हणायचे, "देव तुमचा, खोका माझा. पोचला की घ्या ताब्यात."

शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा, म्हणून काम बंद. पण घरी करमत नसे, म्हणून कारखान्याच्या ओट्यावर येऊन बसत. त्या दिवशी पोरं खोके बांधत आणि काका हात पाठीमागे धरून नुसते बघत. थोड्या वेळाने मान हलायला लागायची. मग कपाळाला आठी. मग, "ए, मी सांगत नाय हां, आज शनवार हाय. पन त्या कोपऱ्यात अजून एक मूठ पेंढा पडला असता तर बिघडलं असतं काय?"

गिऱ्हाइकं मात्र हट्टी. पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं की पेंढ्यातून घरात उंदीर आला. काकांनी उत्तर सांगितलं, "लिही, उंदराचे पैसे लावले नायत." मी ते लिहिलं नाही. नाशिकच्या एका बाईंची तक्रार तर फार गंभीर होती. मूर्तीभोवती गुंडाळलेल्या वर्तमानपत्रावर श्रद्धांजलीचे फोटो होते! त्या दिवसापासून काका रद्दी निवडायला लागले. मृत्यू नको, अपघात नको, निवडणूक तर नकोच. शेवटी उरलं खेळाचं पान. तर कल्याणहून पत्र आलं की गणपती उघडला आणि आधी हरलेल्या सामन्याची बातमी दिसली, घरातली माणसं नाराज झाली. काकांनी कपाळाला हात लावला. "आता कोरा कागद आणू? त्याला म्हनतील, आमच्या नशिबात कायच लिवलेलं नाय!"

आणि मग इंटरनेट आलं!

पेणच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी मामांच्या मूर्तींचे फोटो इंटरनेटवर टाकले. दोन आठवडे काहीच झालं नाही. एका दुपारी सर स्वतः धावत कारखान्यात आले, पायात चपलासुद्धा वेगवेगळ्या. "ऑर्डर! अमेरिकेहून ऑर्डर!" मामांच्या हातातला रंगाचा ब्रश तसाच राहिला. आम्ही सगळे क्लासमध्ये गेलो. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं, आणि ते मी मोठ्याने वाचून दाखवत होते. अडले तर मागे जाऊन परत वाचत होते!

ऑर्डर देणाऱ्या बाईंना मूर्ती हवी होती. त्यांच्या मुलाचा तो पहिला गणपती. मूल चार महिन्यांचं. मूर्ती विमानाने पाठवा. आणि खाली मोठ्या अक्षरांत: पेंढा अजिबात नको, इकडे विमानतळावर गवत, धान्य काहीही आत सोडत नाहीत. वर्तमानपत्र नको, शाई लागते. थर्माकोल वापरा.

थर्माकोल! बेनूकाकांसमोर हा शब्द कुणी काढत नसे.

"थर्माकोल म्हंजे फुगलेली हवा," काका म्हणाले. "हवेच्या भरवशावर मी मूर्ती सोडनार नाय."

मामांचा धीर सुटला. "काका, पनवेलचा एक माणूस थर्माकोलात बांधून द्यायला तयार आहे. फक्त हा एक खोका नाही, बांधायचं सगळंच काम घेतो म्हणतोय."

"मग माझं?"

मामांनी नजर पडद्याकडे वळवली. मग म्हणाले, "हा एक खोका तुम्ही बांधा. पेंढा नको, कागद नको. नीट पोचला तर काम तुमचं. फुटला तर पुढल्या वर्षापासून सगळं पनवेलला. आधीच सांगून ठेवतो."

काका दुखावलेले दिसत होते, पण त्यांनी मला विचारलं ते भलतंच. "गो पोरी, त्या बायचं पोर केवढं म्हनली ती?"

"चार महिन्यांचं."

"चार," ते म्हणाले, आणि मूर्ती काखेत घेऊन घरी गेले. खोका त्यांनी घरात, दार लावून बांधला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोका कारखान्यात आला. काकांनी तो उचलला, पण टाकण्याआधी आढ्याकडे पाहिलं. "विमान किती उंच जातं गो?"

"काका, नाही!" मामा ओरडले. "ओट्यावरूनच टाका!"

टाकला. दर वेळी धप्प व्हायचं, या वेळी नुसतं थप झालं, अंथरुणावर उशी टाकावी तसं. काकांनी कान लावला. "बोलला नाय."

पुढचे दिवस मी कॉलेज सुटलं की आधी क्लासमध्ये डोकावायचे. सर नकाराची मान हलवायचे. बाहेर रस्त्यापलीकडे काका उभे असायचे, चहा प्यायला आल्यासारखे. हातात चहा नसायचा. मी मान हलवली की तेही मान हलवून निघून जायचे.

आणि ई-मेल आला! मूर्ती पोचली! सोंड, कान, हातातला मोदक, उंदराची शेपटीसुद्धा शाबूत! मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि नाचायचीच बाकी होते. मग पुढच्या ओळी वाचल्या.

'खोक्यात तुम्ही वापरलेली कापडं भरलीत. जुन्या साडीचे तुकडे! कुणाच्या तरी मुलाची उतरलेली झबली! देवाच्या अंगाला? अशी पद्धत असेल तर यापुढे आमच्याकडून ऑर्डर येणार नाही.'

मामा तडक काकांच्या घरी निघाले, मागोमाग मी. काका जात्याजवळच्या पाटावर बसून सुतळीचा गुंडा करत होते.

"काका, काय केलंत हे? कुणाची झबली भरलीत?"

"वापरलेली नायत ती," काका म्हणाले. "कोरी हायत."

"बाई म्हणते जुनी आहेत!"

"कापड जुनं, शिवन नवी. बाळाला कोरं कापड टोचतं. तान्ह्याला जुन्या लुगड्याचंच झबलं घालायचं असतं, हे तुझ्या आयेला इचार." काकांनी गुंडा खाली ठेवला. "तुझ्या रिबकाकाकीनं शिवलेली. आमच्या पोरीला, एस्तेरला मुलगा झाला ना तिकडे, इस्रायलला, तवा. स्वतःची मऊ लुगडी फाडून शिवली. मला म्हनली, तुम्ही सगळ्या गावाचं बांधता, आता हे बांधा नि पाठवा."

"मग?" मामांचा आवाज खाली आला होता.

"मग काय. खोका पसंत पडंना. एक मोठा, एक पातळ, एकाचा कोपरा दबलेला. म्हटलं, नातवाला जायचाय, असातसा कसा बांधू? बांधला, सोडला, परत बांधला. तोवर पत्र आलं, पोरगा चालायला लागला." त्यांनी मांडीवरचे सुतळीचे धागे झटकले. "त्याच साली रिबका गेली. नातवाला आता मिसरूड फुटलंय. झबली पेटीतच. ही बाय म्हनली, पेंढा नको, कागद नको. त्याहून मऊ माझ्याकडं दुसरं कायच नव्हतं. नि तिचं पोर चार महिन्यांचं. मापाचं."

मामा पाटाशेजारी खाली जमिनीवरच बसले. सुतळीचं सुटलेलं टोक त्यांनी गुंड्यावर गुंडाळून दिलं. उठताना फक्त एवढंच म्हणाले, "पनवेलच्या माणसाला मी नाही म्हणून कळवतो."

उत्तर मी लिहिलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, एका बोटाने, काका शेजारी बसून सांगताहेत. लुगड्याचं, शिवणीचं, रिबकाकाकींचं सगळं लिहिलं. इथे मात्र त्यांनी सांगितलेलं एकही वाक्य मी गाळलं नाही. शेवटी काका म्हणाले, "नि इचार, पोराला बसतात काय."

चार दिवसांनी ई-मेल आला, सोबत फोटो. तेव्हा फोटो एकदम दिसत नसे. वरून एकेक पट्टी खाली उलगडत यायचा, आणि आम्ही सगळे श्वास धरून बघत बसायचो. आधी मखराची झिरमिळी. मग मुकुट. मग सोंड. "शाबूत," काका पुटपुटले. मग मोदक, आसन, उंदीर. मग एका बाईचा हसरा चेहरा. आणि तिच्या मांडीवर, हिरव्या बारीक फुलांच्या झबल्यात, एक गुबगुबीत मूल!

मी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. काका पडद्याच्या अगदी जवळ गेले. इतकी वर्षं खोके बांधले, पण त्यांचा खोका दुसऱ्या टोकाला उघडलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"खांद्यावरची गाठ सैल बांधलीय तिनं," ते म्हणाले. "लिही तिला." मी टाइप करायला हात पुढे केला. "नको. राहू दे. सैलच बरी, पोर हातपाय हलवील."

सर फोटो बंद करायला लागले. काकांनी त्यांचा हात धरला.

"सर, हा परत पयल्यापासून उघडंल काय?" ते म्हणाले. "सावकाश उघडला तरी चालंल."