सासूबाईंची सायकल आणि न हलणारा व्हिडिओ

"ताटलीतलं पाणी हलेल, पण चित्र हलणार नाही! लिहून घ्या!" खटपटरावांनी सकाळी सकाळीच जाहीर करून टाकलं.

हे नाव त्यांना बायकोनेच दिलेलं. घरातली एकही वस्तू त्यांनी उघडून पाहायची सोडली नव्हती. बंद करायचं तेवढं राहून जायचं. पण या खेपेला प्रश्न सासूबाईंच्या इज्जतीचा होता. बाई बासष्टाव्या वर्षी सायकल शिकल्या होत्या आणि परगावच्या त्यांच्या ताईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "तू आणि सायकल? अगं, तू खुर्चीवरून पडायचीस!" पहिला व्हिडिओ खटपटरावांनीच मागे धावत काढला होता. त्यात आभाळ, गटार आणि त्यांचा स्वतःचा अंगठा एवढंच दिसलं. ताई खो खो हसल्या. सासूबाई दोन दिवस जावयाशी धड बोलल्या नाहीत.

"अहो, फोन हलू नये म्हणून दुकानात यंत्र मिळतं की," बायको म्हणाली.

"महिन्याचा पगार घालवू? त्यात असतं काय? एक दांडा, एक बेअरिंग, खाली वजन!"

दांडा नळाच्या पाइपचा. बेअरिंगसाठी पंखा उतरवला, तोही चांगला चालणारा! वजन कोपऱ्यावरच्या वाण्याचं, दोन किलोचं, "पाच मिनिटांत आणतो" असं सांगून. ते पाइपच्या बुडाला असं चिकटवलं की ब्रह्मदेव आला तरी निघू नये. वर फोन बसवला आणि खोटं कशाला बोला, फोन खरंच हलेना!

घरासमोर शाळेची लांबलचक भिंत होती, नुकतीच पांढरी रंगवलेली. "तिच्या कडेकडेनेच चला," खटपटराव म्हणाले. "मागे झाडं नकोत, माणसं नकोत. चित्र कसं स्वच्छ हवं!"

"आणि जावईबापू, थांबायचं कसं?"

"म्हणजे? ब्रेक लावायचा!"

"ते पुढच्या आठवड्यात शिकणारेय मी!"

एवढं बोलून सासूबाई निघाल्यासुद्धा. खटपटराव शेजारून धावू लागले. त्या जेवढ्या वेगात, हे तेवढ्याच वेगात! खालचं वजन दर पावलाला गुडघ्यावर बसत होतं, पण फोन ढिम्म. तेवढ्यात मागून वाणी ओरडत आला, "अहो थांबा! गिऱ्हाईक खोळंबलंय! माझं वजन द्या!"

'थांबा' ऐकून सासूबाई घाबरल्या. थांबता तर येत नव्हतं, म्हणून त्यांनी जोरात पेडल मारलं! खटपटराव मागे पडले, त्यांच्या मागे वाणी, आणि वरात थेट वाळूच्या ढिगाऱ्यात जाऊन थांबली.

"जमलं!" वाळूतून सासूबाई ओरडल्या. "जमलं बघा मला!" आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते.

खटपटरावांनी आरडाओरडा आणि वाळू कापून टाकली आणि तेवढा सुरेख भाग ताईंना पाठवला. पाचव्या मिनिटाला ताईंचा फोन!

"लबाड कुठली! सायकल स्टँडवर लावून पाय हलवतेस होय? तू जागची हललीच नाहीस! मागचं काहीच सरकत नाही!"

खटपटरावांनी फोनात डोकं घातलं. स्वच्छ पांढऱ्या भिंतीपुढे सासूबाई जिथल्या तिथे, देवघरातल्या मूर्तीसारख्या स्थिर! सासूबाईंचा चेहरा पार उतरला.

"थांब आई," बायको म्हणाली. "मी गॅलरीतून काढलाय, पण हसून हसून हात फार हललाय गं."

"असू दे! पाठव!"

त्यात सगळं होतं. भिंत मागे पडत होती, सायकल पळत होती आणि वाळूसुद्धा उडत होती. पुन्हा फोन वाजला. सासूबाईंनी स्पीकर लावला.

"मानलं गं बाई तुला!" ताईंचा आवाज चक्क हळवा झाला होता. "कधी येतेस? मलापण शिकव!"

सासूबाईंनी आनंदाच्या भरात, वजनासाठी अजून ताटकळत उभ्या असलेल्या वाण्यालाच टाळी दिली. खटपटराव घसा खाकरून पुढे सरकले. आता यंत्राबद्दल दोन शब्द बोलावेत, असा त्यांचा विचार होता.

"पण काय गं," ताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाइप घेऊन तुला मारायला धावत होता, तो मेला कोण? पोलिसांत कळवलंत ना?"