डब्याला आलेला ताप

वडिवळ्याच्या भिमाजीभाऊंचा गेमिंगचा कॉम्प्युटर कामशेतला सत्यमच्या दुरुस्तीच्या दुकानात आला आणि सत्यमने तो दोन्ही हातांनी जपून उचलून ठेवला. डबा चपलेच्या खोक्याएवढा, पण भाऊंचा राग केवढा! पंप बिघडवला म्हणून त्यांनी मेकॅनिकला पंपासकट विहिरीत सोडलं होतं, असं लोक सांगत.

भाऊंच्या मुलाच्या, अमृतच्या गेम अडकत होत्या. सत्यमने साठवणुकीचा नवा एसएसडी बसवला आणि त्याच्या वेगाची टेस्ट लावली. दुकानात जागा नव्हती, म्हणून डबा पडद्यामागच्या घरात ठेवला आणि लांब वायर ओढून स्क्रीन काउंटरवर. पहिला आकडा हजारांत आला. सत्यम खुशीत चहा पिऊन परत येतो, तर आकडा शेकड्यांत!

पुन्हा टेस्ट लावली. वेग आणखी घसरला, तापमान चढलं. त्यात आतून आवाज यायला लागला. टक, टक, टक. सत्यमची पाचावर धारण बसली. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, त्याने वाजायचं कशाला? आत जाऊन बघावं, तर तोंडावरच फुटला तर? तेवढ्यात दारात जीप थांबली.

"झालं का रं काम?" भाऊ आत आले.

"भाऊ... जरा तापतंय. आन वाजतंय बी."

"वाजतंय? चल, दाव."

सत्यमने पडदा सारला. डब्याच्या जाळीवर परात होती, परातीत कोंबडीची पिल्लं टकाटका कण्या टिपत होती, आणि डब्याभोवती गोणपाट गुंडाळलेलं.

"आये! ह्ये काय?"

"वरडू नगंस," त्याची आई सरुबाई म्हणाली. "पिल्लं गारठ्यानं मराय लागलीती. ह्यो डबा लय ऊन हाय बग."

सत्यमने झटक्यात परात उचलली, गोणपाट ओढलं. डब्याचा पंखा मोकळा झाला आणि थोड्याच वेळात बाहेर स्क्रीनवर आकडा पुन्हा हजारांत गेला. त्याच्या जिवात जीव आला.

"भाऊ, हवा कोंडली व्हती, दुसरं काय न्हाई! आता गेम कशी पळतीय बगा!"

भाऊंचा चेहरा उतरला. ते मटकन स्टुलावर बसले.

"पळंल म्हनतोस? अरं, भाताच्या आवणीला मानूस मिळंना. गेम अडकली म्हंजीच आमचं पोरगं वैतागून खाचरात येतंय."

भाऊंनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज बारीक केला.

"मावशी, आवणी हुईस्तवर ही पिल्लं आमच्याकडं धाडता का? अमृतला सांगतो, गारठलीत, डब्यावर ठिव म्हनून."